साठ वाघिणी

मिनश्याला चौथा महिना होता, आणि टबातल्या बेडकांचा वास नाकात गेला की तिच्या पोटात ढवळून यायचं. कुजका पाला, चिखल आणि त्यांच्या अंगावरचा तो बुळबुळीत चिकटा. पण बेडूक निवडायचे तर हात घालावाच लागतो. तिथे डोळ्यांचं काम नाही, बोटांचं आहे. नराच्या पुढच्या पायाच्या अंगठ्यावर खरखरीत गाठ असते, मादीला पाठीवरून आवळून धरायला. शी! नुसती हाताला लागली तरी अंगावर काटा येतो. गाठ लागली की डावीकडचं घमेलं, नाही लागली की उजवीकडचं.

आमच्या डोंगरात नराला कुत्रा म्हणतात आणि मादीला वाघीण. वाघीण अंगाने थोराड, पोट लालसर. त्या पोटातल्या अंडनळ्या वाळवून शहरातल्या बायका खडीसाखरेत शिजवून खातात, कांती उजळावी म्हणून. खाणारीने त्या काढताना एकदा बघाव्यात. कुत्र्याला मात्र कुत्रं विचारत नाही, बदकांपुढे टाकतात.

उंबऱ्यात टबाकडे पाठ करून बसलेली मिनश्याची सासू, ग्वान म्हातारी, त्या अंडनळ्याच काढत होती. वाळलेल्या वाघिणींची पोटं नखाने फाडायची, आतलं पिवळट काढून सुपात टाकायचं. नखं काळी पडलेली.

मिनश्याचा नवरा दापंग सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून होता. पहिली मुलगी. सरकार आणखी एकच होऊ देणार, म्हणजे हा मुलगाच हवा. म्हणून त्याने ल्यांग डॉक्टरला बोलावलं होतं. डॉक्टर कसला, आधी डुकरांना सुया टोचायचा. आता गाडीत यंत्र टाकून लपूनछपून गावोगाव फिरतो, पोटात काय आहे ते सांगतो, आणि मुलगी निघाली तर पुढचंही त्याच गाडीत उरकतो. त्याची फी साठ जिवंत वाघिणी. थोडे कुत्रे घालू का, असं दापंगने विचारून पाहिलं होतं.

"नर चालणार नाहीत," ल्यांगने सांगितलं होतं.

मुलगी असली तर मारायची, आणि त्याची मजुरी माद्यांत. असल्या माणसाच्या तोंडावर थुंकावं की नाही, तुम्हीच सांगा. मिनश्या पाया पडली, रडली. दापंग म्हणाला, तुला काय कळतंय? म्हातारी मात्र यात पडली नाही. त्या घरात दापंगच्या आधी दोन मुली झाल्या होत्या. तिच्या वेळी यंत्र नव्हतं, बाळंतिणीच्या खाटेशी पाण्याची बादली असायची.

मिनश्याने ओली गोणी ओढली. आधी डावीकडच्या घमेल्यातले पंचवीस-तीस तळाला सोडले. वरून साठ होईपर्यंत उजवीकडचे भरले. तोंड बांधलं, उरलेल्या वाघिणी कुंपणापलीकडे सोडल्या आणि तिथेच सगळं ओकली.

दुपारी गाडी आली. ल्यांगने आधी गोणीचं तोंड सोडलं. कोपरापर्यंत हात घालून तो चाचपत राहिला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. बाहेर आला तो कुत्रा. पोट पांढरं, दंड जाडे, अंगठ्यावर गाठ. मग दुसरा, तिसरा. त्याने ते दापंगच्या पायाशी आपटले आणि चिकट हात त्याच्याच सदऱ्याला पुसला.

"मला कुत्रे विकतोस?"

दापंग गयावया करायला लागला, बदलून देतो म्हणाला. पण कशाने देणार? बाकीच्या वाघिणी कालच व्यापाऱ्याने नेल्या होत्या. आवाज ऐकून शेजारी डोकावू लागले तशी ल्यांगने गाडी चालू केली. पकडला जायची धास्ती त्याला होतीच. आता बर्फ पडला की घाट बंद, आणि घाट उघडेल तेव्हा मिनश्याच्या मांडीवर मूल असेल.

दापंग वळला. चेहरा काळानिळा झाला होता.

"गोणी कुणी भरली?"

मिनश्या उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच उंबऱ्यातून आवाज आला.

"मी भरली," म्हातारी म्हणाली. "गारठ्याने बोटं बधिर झालीत माझी. नर-मादी कळत नाही आताशा."

दापंग आईकडे बघत राहिला. मग शिव्या देत, दाराला लाथ मारून आत गेला.

दिवस कलल्यावर म्हातारी सूप बाजूला ठेवून उठली आणि टबापाशी येऊन बसली. व्यापाऱ्यासाठी ल्यांग गेल्यावर ओढ्यावरून आणलेले नवे बेडूक त्यात वळवळत होते.

"तू हात धू जा," ती सुनेला म्हणाली. "वास सोसत नाही तुला."

तिने बाही वर केली आणि टबात हात घातला. नजर दाराकडेच होती. एक बेडूक डावीकडे टाकला, दोन उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. मिनश्या हात न धुता तिथेच उभी राहून बघत होती. म्हातारीचा एकही चुकला नाही.