शून्य दुमड

जुन्या पुरवठादारांना सरकारी खरेदीचे नवे नियम शिकवणं, हे धनवटे साहेबांचं काम. गोकर्णाबाईंच्या बचत गटापुढे त्यांनी शाळेच्या गणवेशांची यादी उघडली.

"कोणतं मूल वर्षभरात किती वाढेल, ते आता यंत्र सांगतं, ताई. खाली तेवढीच दुमड ठेवायची. कापड वाया जात नाही."

"आमी तर समद्यायलेच चार बोटं ठेवतो, साहेब. पोरं काय सरकारले इचारून वाढतात?"

साहेब हसले. गोकर्णाबाईंचं बोट मात्र एका नावावर अडकलं. मंदा तायडे, सातवी, दुमड शून्य.

"हे पोरगी वाढणार नाही?"

"वाढेल हो. पण यंत्र म्हणतं, पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल." साहेबांनी नजर चुकवली. "एका स्कर्टची दुमड जास्त भरली, तरी सगळा माल परत येईल."

तरीही गोकर्णाबाईंनी मंदाला चार बोटं ठेवलीच. तपासणीच्या यंत्राने सगळे गठ्ठे परत पाठवले. गटातल्या बाराजणींची मजुरी अडकली, तेव्हा गोकर्णाबाईंनी कात्री उचलून मंदाची दुमड कापून टाकली.

वाटपाच्या दिवशी मंदाच्या बापाने स्कर्ट उलटा करून पाहिला. शून्य दुमडीचा अर्थ एव्हाना गावभर कळला होता.

"सरकारलेच माहीत हाये का पोरगी शिकत नाही," तो म्हणाला. "पुसदचं स्थळ आलं हाये. हो म्हणून टाकतो."

"अरे, यंत्र चुकते ना बाबू!"

"चुकते? मंग तुमी असा शिवला कायले, काकू?"