आधी नोंद, मग पान

अवयव प्रत्यारोपणाच्या समन्वयक बाईंनी 'स्वीकार' दाबून बराच वेळ झाला होता, आणि पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात एक किडनी मिळाली होती आणि यादीप्रमाणे ती सर्व्हरवाल्याच्या मुलीला जायची होती. होकार द्यायला अर्धा तास. तेवढ्यात पोहोचला नाही तर किडनी पुढच्या माणसाला. पोरगी तेरा वर्षांची, कित्येक महिने डायलिसिसवर, आणि तिच्या रक्ताशी जुळणारी किडनी आज पहिल्यांदाच आली होती. एकदा जुळली तर सोडायची नाही, दुसरी येणं कठीण आणि तेवढा वेळही नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

सर्व्हरवाला म्हणजे याच रुग्णालयाचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. बातमी कळताच त्याने आधी बायकोला फोन केला. "आली. आपलीच," एवढंच बोलला. आता तो बाईंच्या खुर्चीमागे उभा राहून ते चक्र बघत होता.

दुखणं काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मध्यंतरी कुणीतरी एका बड्या माणसाचे रिपोर्ट चोरून पाहिले, बाहेर बोभाटा झाला आणि वरून हुकूम सुटला की कोण काय बघतं त्याची बारीकसारीक नोंद झाली पाहिजे. मग तो डॉक्टर असो, कारकून असो, नाहीतर घरी बसून फोनवर स्वतःचं पान उघडणारा पेशंट. आधी नोंद, मग पान. एक पान उघडायचं तर चाळीस ओळींची नोंद, आणि सगळ्यांच्या नोंदी एकाच रांगेत, बाईंच्या होकाराचीसुद्धा. तातडीचं काम पुढे आणि उगाच डोकावणारा मागे, असला भेद त्या रांगेला माहीत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी. एक दिवस हे सगळं ठप्प होईल, असं तो साहेबांच्या कानीकपाळी ओरडत आला होता. साहेब म्हणायचे, बघू.

त्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, थोडा वेळ नोंद बंद करू द्या. तुमचा पासवर्ड लागेल."

"पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. नोंदीत भोक सापडलं तर घरी कोण जाईल?"

"माझी मुलगी आहे हो साहेब."

साहेब हळूच म्हणाले, "कळतंय रे मला. पण नाही करता येत."

माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरटापुढे रडून काही उपयोग नसतो.

इकडे बाईंनी यादीच्या कार्यालयात फोन केला. आमचा होकार तोंडी घ्या म्हणाल्या. तिकडचा माणूस म्हणाला, "तोंडी नाही चालत ताई. सिस्टमवर दिसायला हवं." बाई आधी खेकसल्या, मग विनवण्या केल्या. तो बिचारा तेच तेच बोलत राहिला.

बघता बघता वेळ संपली. चक्र थांबलं आणि निरोप आला, प्रस्ताव पुढील रुग्णाकडे वर्ग करण्यात आला आहे.

"हे मात्र बरोबर पोहोचलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं.

थोड्या वेळाने साहेब धापा टाकत आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज दुपारी सर्व्हरवर जी झुंबड उडाली, तशी कधीच नव्हती. नेहमीसारखं असतं तर उशिरा का होईना, तुझं काम झालं असतं. बाहेरून कुणीतरी मुद्दाम केलंय. शोधून काढ, पोलिसांत देऊ."

त्याला ते लगेच पटलं. नियमाचा गळा धरता येत नाही, माणसाचा धरता येतो. कोण ते शोधायच्या आधी मात्र त्याला खाली जायचं होतं.

खाली डायलिसिसच्या खोलीत पोरगी मशीनला जोडलेली होती. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातात फोन. शेजारी तिची आई. त्याने कसंबसं सांगून टाकलं. बायको पलंगाच्या दांड्याला धरून स्टुलावर बसली.

"कुणाचा तरी डाव आहे," तो म्हणाला. "सापडू दे फक्त. नरडं दाबतो त्याचं."

बायकोला ते नीट ऐकूच गेलं नाही. "अहो, आम्ही सगळे तर बघतच होतो," ती म्हणाली. "तुमचा फोन आला आणि मला राहवेना. हिचा पासवर्ड मी सगळ्यांना देऊन टाकला. सासरी, माहेरी, हिच्या अख्ख्या शाळेला. होकार गेल्याची खूण कधी दिसते म्हणून सगळे हिचंच पान उघडत होते. उघडलं नाही की परत. कुणी हात थांबवला नाही हो."

त्याने मुलीकडे पाहिलं.

ती रडत नव्हती. बाबांचा चेहरा बघून तिला वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. तिने मोकळ्या हातातला फोन वर केला.

"बाबा, सगळ्यात जास्त वेळा मी उघडलं."