निफाडची पहाट

पहाटे पाचला चंद्रावरच्या गोदाक्कांच्या घरात इतका गारठा पडला, की भालेराव मिस्त्रीनं हातातला नवा थर्मोस्टॅट खाली ठेवला आणि आधी मफलरनं कान बांधले.

"आक्का, सूनबाईंनी तक्रारीत लिहिलंय, पहाटे सात अंश आणि साडेपाचला एकदम अठरा. असा टायमर कुठं असतो का?"

"टायमर नाही तो," गोदाक्का म्हणाल्या. "भिंतीतल्या या जुन्या हीटरचा सेन्सर निफाडला माहेरच्या पडवीतच राहिला. तिथं जेवढी थंडी, तेवढी इथं."

"आणि ते अठरा?"

"माझा धाकटा भाऊ, दामू. पहाटे पडवीत शेकोटी पेटवतो. मी पृथ्वी सोडली, म्हणून अकरा वर्षं माझा फोन घेत नाही. पण शेकोटी पेटली, की तो आहे एवढं कळतं." त्यांनी शाल घट्ट ओढली. "गेले तीन दिवस पेटली नाही."

भालेरावनं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि तो त्यांच्याशेजारी खाली बसला. खिडकीत निळी पृथ्वी तरंगत होती. साडेपाच वाजून गेले, तरी आकडा सातावरून हलेना. पावणेसहालाही सातच.

मग आकडा आठावर सरकला. अकरा. भिंतीतला हीटर हळूहळू तापू लागला.

"उठला एकदाचा, आळशी मेला!" डोळे पुसत गोदाक्कांनी दोन्ही तळवे भिंतीपुढे धरले.

नवा थर्मोस्टॅट खोक्यातच राहिला.

"आक्का, जरा सरका," म्हणत भालेरावनंही आपले हात शेकायला पुढे केले.