भिंतीपलीकडची सातवी

मोठ्या बाईंनी स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि सगळ्यांना आपापले फोन टेबलावर ठेवायला सांगितले.

"पालथे ठेवा," त्या म्हणाल्या. "मधली सुट्टी संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आवाज कधी चढायचा नाही, आजही चढला नव्हता. पण प्रकार आवाज चढावा असाच होता. इथे बोललेला शब्दन् शब्द भिंतीपलीकडच्या सातवीत पोचत होता. न सांगता चाचणी घ्यायची ठरली, तर पोरं पाठ करून तयार. खेळाचे सर शाळा सोडणार हे त्यांनी इथे चहा पिता पिता हळूच सांगितलं, आणि ते वर्गावर गेले तर फळ्यावर त्यांना निरोप लिहिलेला.

"कुणीतरी ग्रुपवर टाकतंय, नाहीतर रेकॉर्ड करून पाठवतंय. सरळ सांगून टाका. मी वाढवणार नाही."

विज्ञानाच्या बाईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून एकाच ठिकाणी जात होत्या. शेवटी गणिताच्या बाईंनी तोंड उघडलं.

"सर, तुमची भाची आहे ना हो सातवीत? मी आपलं विचारलं."

चित्रकलेच्या सरांनी मान वर केली. "आहे. एकाच घरात राहतो आम्ही. जेवतानाही तिचं डोकं त्या फोनमध्ये असतं. मी बातमी द्यायची म्हटली तरी आधी तिने वर बघायला नको का?"

कुणी हसलं नाही.

"सर, जरा माझ्या ऑफिसात या," मोठ्या बाई म्हणाल्या. "फोन घेऊन या."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी फोन उचलला, उगीचच शर्टाला पुसला आणि ते त्यांच्यामागून निघाले.

बोलून बसल्या खरं, पण गणिताच्या बाईंना एकदम उकडायला लागलं. त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं. आत कॉलरला लावलेला माइक होता, आणि त्याच्यावर हिरवा ठिपका लागलेला होता.

सातवीत एक मुलगी कानाने अधू होती. बाई माइकमध्ये बोलल्या की ते थेट तिच्या कानातल्या मशीनमध्ये जायचं. तास सुरू झाला की लावायचा, संपला की बंद करायचा, एवढंच काम. थंडी पडल्यापासून बाई वरून स्वेटर घालत होत्या.

त्यांनी बटण पुन्हा लावलं. कुणाचं लक्ष नव्हतं. "आलेच हं," म्हणून त्या बाहेर पडल्या.

ती मुलगी खिडकीजवळच्या बाकावर होती. चारपाच जणी तिला अगदी चिकटून बसल्या होत्या, एक तर डेस्कवरच चढली होती. बाईंना बघताच सगळ्या पांगल्या.

बाईंनी स्वेटर बाजूला करून ठिपका दाखवला. "कधीपासून ऐकतेयस?"

"तुम्ही बंद करायला विसरता ना, तेव्हा." ती नेहमीसारखी जरा मोठ्यानेच बोलली. "चाचणीचं मीच सांगितलं. खेळाच्या सरांचं पण."

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

मुलीने दाराशी घुटमळणाऱ्या मैत्रिणींकडे बघितलं. "आधी माझ्या बाकावर कुणीच बसायचं नाही, बाई. बोलल्या तरी ओरडून बोलायच्या. आता म्हणतात, हळूच सांग."

बाईंना एकदम आठवलं, सुट्टीत जिन्याखाली उभं राहून त्या फोन करायच्या.

"आणि मी फोनवर बोलते ते?"

"घरचं? ते मी कुणालाच नाही सांगत." बाईंची समजूत काढावी तशी ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्या मुलाने उचलला का शेवटी फोन?"

"नाही," बाई म्हणाल्या. म्हणून गेल्यावर दचकल्या. हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी कळ दाबली. ठिपका विझला. आता त्या तिच्यासमोर वाकून, ओठ नीट हलवत बोलल्या. "आणि तुझ्याबद्दल कधी काही... आम्ही तिकडे बोलत असलो तर?"

"माझं नाव आलं की मी मशीन काढून ठेवते," मुलगी म्हणाली. "आई म्हणते, आपल्याबद्दल कुणी बोलत असेल तर चोरून ऐकू नये."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या तशाच ऑफिसकडे निघाल्या. आधी सरांना सोडवायला हवं होतं.

सर टेबलासमोर उभेच होते. मोठ्या बाई त्यांचा फोन बघत होत्या.

"सरांना जाऊ द्या, मोठ्या बाई," गणिताच्या बाई दारातूनच म्हणाल्या. "त्यांचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. माझा माइक चालू राहतो, आणि ती मशीनवाली भिंतीपलीकडे बसून सगळं..."

त्या थांबल्या.

"कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं. "नाव सांगा."

बाईंना नाव माहीत होतं. रोज हजेरीला त्या ते घेत होत्या. स्टाफरूममध्ये मात्र त्यांनी ते आजवर एकदाही घेतलं नव्हतं.