पप्पांच्या पेशी

सान्वीने टूथपिकचं टोक आजीच्या गालाच्या आतून अलगद फिरवलं, काचेच्या पट्टीवरच्या निळ्या थेंबात घोळवलं आणि पट्टीच्या कडेला चिठ्ठी डकवली : आजी. तिची स्वतःची आणि आईची पट्टी आधीच झाली होती.

"आता पप्पा. या, आ करा."

दाराशी बसून खाकी शर्टाची बटणं लावणाऱ्या सुदेशने पायाने चप्पल पुढे ओढली.

रविवारची सकाळ होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी नीला मॅडमनी मायक्रोस्कोप एका दिवसापुरता घरी दिलेला. काल शहाडहून आंबिवलीच्या चाळीपर्यंत, पप्पांच्या रिक्षात, पोरीने तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून आणला होता. खड्डा आला की "हळू ना पप्पा" म्हणून ओरडत होती. नववीतली पोर, पण तोरा असा की जणू हीच डॉक्टर.

आजीने, कलावतीबाईंनी, एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला. "अगं बाई! हे माझ्या तोंडातलं? पापडाचे तुकडे दिसतायत नुसते. आणि मधे तो काळा ठिपका कसला गं?"

"ते केंद्रक, आजी. पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो."

"म्हणजे आपल्या घरातली अमृता!" म्हातारी स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली. बाहेर नळावर बोंबील धुणाऱ्या सुनेने, अमृताने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुदेश हसला नाही. आठ महिने झाले, त्याला मोठ्याने हसता येत नव्हतं. आधी तिखट झोंबायला लागलं, मग गालाच्या आत पांढरं दिसलं, मग तोंडच हळूहळू मिटत चाललं. वडापाव तो चेपून चपटा करून खायचा, तोही स्टँडमागे, एकटा. घरी "मागून जेवतो" म्हणायचा. अमृताला वाटायचं, हा कशावर तरी रुसलाय. तंबाखू-सुपारीचा मावा मात्र सुटला नव्हता. आत्ताही पुडी खिशात होतीच. आणि दाखवायला तरी कुठे जायचं? मागच्या वर्षी स्टँडवरचा गुरुदत्त असंच तोंड दाखवायला गेला, तो अर्धा जबडा देऊन परत आला. माणूस ओळखू येईना. न दाखवलेलं बरं, असं सुदेशने तेव्हाच ठरवून टाकलेलं.

गेल्या आठवड्यात पचनसंस्थेचा धडा झाला, तेव्हाही पोरीने घरात सगळ्यांची तोंडं तपासली होती. तोंड नीट उघडत असेल तर एकावर एक तीन बोटं आत जायला हवीत, असं मॅडमनी सांगितलेलं. त्या दिवशी सुदेश भाडं आहे म्हणून सटकला होता.

आज दारात चप्पल सरकवायच्या आत तिने त्याला गाठलं.

"दे ती काडी इकडे. मी माझं घेतो. तुझा हात लागला की मला ओकारी येते."

टूथपिक घेऊन तो ओट्याकडे वळला. पाठ करून टोक गालाला लावलं मात्र, डोळ्यांतून पाणीच आलं. अशी आग! आणि मग त्याला वाटलं, त्या यंत्रात सगळंच दिसत असणार. पोरीच्या पेशी दिसल्या, आईच्या दिसल्या, मग जे आहे तेही दिसेल. ओट्यावर अमृताने कालवणासाठी कापलेला कांदा होता. सुदेशने काडीचं टोक पुसलं, कांद्याच्या पाकळीची आतली पातळ साल खरवडली आणि काडी पोरीच्या हातात दिली. हाय रे देवा, चाळिशीचा बाप, आणि चोरी करतोय कांद्याची!

सान्वीने पट्टी तयार केली. चिठ्ठी लावली : पप्पा. नळीला डोळा लावला आणि बाजूची फिरकी मागेपुढे फिरवत राहिली.

"काय गं, बापाचं काय बिघडलंय का?" आजीने विचारलं.

"पप्पांच्या पेशी विटांसारख्या आहेत. एकाला एक लागून. त्यांना भिंत आहे."

"असेल की. बापच तो, घराची भिंत."

"माणसाच्या पेशीला भिंत नसते, आजी." सान्वीने टूथपिक नाकाशी नेली. मग ओट्याकडे पाहिलं. मग पप्पांकडे. "भिंत झाडाच्या पेशीला असते. कांद्याच्या पेशीला असते."

सुदेशची मान खाली गेली. पोरगी आरडाओरडा करेल, बाहेर आईला सांगेल, असं त्याला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. ते त्याला जास्त जड गेलं.

"झाडाला कशाला लागते गं भिंत?" काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं.

"त्याला जागचं हलता येत नाही ना, पप्पा. जे येईल ते उभ्याने सोसायचं. म्हणून."

"आणि माणसाला?"

"माणसाला पाय आहेत की. त्याला उठून जाता येतं."

तिने डबीतून नवी काडी काढली. कांद्याची पट्टी बाजूला सारली, पप्पा लिहिलेली चिठ्ठी तेवढी उचकटून हाताच्या पाठीवर चिकटवून ठेवली. मग त्याला खाली बसवून स्वतः समोर पाटावर बसली.

सुदेशने खिशातली पुडी काढून जमिनीवर ठेवली. आणि तोंड उघडलं.

सान्वीने आधी एक बोट आत घातलं. त्यावर दुसरं ठेवून पाहिलं. ते दातांवरच अडलं. नळावरून आलेली अमृता बोंबलांची परात घेऊन दारात थांबली होती.

"अजून उघडा ना, पप्पा."

त्याने पोरीचं मनगट धरून हात हळूच बाजूला केला.

"एवढंच उघडतं," तो म्हणाला.