दाढेचा नफा

सकाळी शेअर घ्यायचा आणि त्याच दिवशी विकायचा, हा निवृत्तीनंतर नानांनी मागे लावून घेतलेला उद्योग. घेताना ते कधी कचरले नाहीत. पण चार पैसे सुटताना दिसले रे दिसले की नाना विकून मोकळे, आणि मग तोच शेअर त्यांच्या डोळ्यांदेखत आभाळाला टेकायचा.

"अहो, आज पुन्हा घाई केलीत तर हा खेळ कायमचा बंद!" बायकोने निक्षून सांगितलं.

नेमकी त्याच दिवशी, शेअर घेतल्या घेतल्या दाढ ठणकली आणि नानांना दातांच्या दवाखान्यात जावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी नानांचा मोबाइल खणात टाकला आणि तोंडात कापूस कोंबला. विकायला हात नुसते शिवशिवत होते, पण दाढ हट्टी निघाली. सुजल्या गालाने नाना बाहेर येऊन बघतात तो काय, नफा नेहमीच्या पाचपट! घरी बायकोने न मागता दूध गार करून दिलं.

पुढच्या सोमवारी नवा शेअर घेऊन नानांनी तडक दवाखाना गाठला.

"नाना, उरलेले सगळे दात ठणठणीत आहेत हो तुमचे!"



"असू द्या," मोबाइल डॉक्टरीणबाईंच्या हातात देत नाना म्हणाले, "त्यातलाच एखादा काढा. फक्त बाजार बंद होईपर्यंत मला खुर्चीतून उठू देऊ नका."