झटकू नकोस!

बाबा गेल्यावर वर्षभराने त्यांचा कॅमेरा कपाटातून निघाला. त्यात इन्स्टंट फिल्मचा शेवटचा फोटो उरला होता, तोही मुदत केव्हाच उलटलेला. "माझाच काढ," म्हणत आई केस सारखे करून खिडकीशी बसली. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने घरघरत एक कोरा फोटो बाहेर ढकलला. तो ओढून घेऊन, चित्र लवकर उमटावं म्हणून आई सवयीने झटकू लागली. पण एकदम थांबली. पूर्वी अशा वेळी बाबा आतल्या खोलीतून ओरडायचे, "झटकू नकोस! थर्मामीटर आहे का तो?" मग आई मुद्दाम आणखी झटकायची, ते चरफडत बाहेर येईपर्यंत. आज कुणीच ओरडलं नाही. फोटोवर पिवळट डाग उमटले, चेहरा काही येईना. "राहू दे आई, फिल्म वाया गेलीय." "तू गप्प बस," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत फोटो जोरजोरात झटकू लागली.